रोस्टचे बहात्तर भाविक

इ. स. १४३१ च्या एप्रिल महिन्यात क्रीट बेटावरून एक मोठे गलबत फ्लँडर्सच्या दिशेने निघाले. क्रीट त्या काळी व्हेनिसच्या अमलाखाली होते आणि गलबताचे धनी पिएत्रो क्वेरिनी हे व्हेनिसच्या एका जुन्या, मातब्बर घराण्यातील व्यापारी होते. गलबतात माल्वाझिया नावाच्या गोड द्राक्षासवाची सुमारे ८०० पिंपे होती. शिवाय मसाल्याचे पदार्थ, मेण व कापूस असा किमती माल होता. माणसे होती ६८. भूमध्य समुद्र ओलांडून अटलांटिकमध्ये शिरल्यावर नोव्हेंबरच्या वादळांनी या गलबताला गाठले. सुकाणू मोडले, शिडे फाटली, डोलकाठी तोडून टाकावी लागली. वारा नेईल तिकडे, म्हणजे उत्तरेकडे, ते वाहत गेले. अखेर १७ डिसेंबर रोजी सर्वांनी गलबत सोडले. लहान होडीत २१ जण उतरले. त्यांचे पुढे काय झाले ते कोणालाच कळले नाही. मोठ्या होडीत ४७ जण होते. थंडी, उपासमार आणि तहान यांनी त्यांतील बहुतेकांचा बळी घेतला.

१४३२ च्या जानेवारीत ही होडी बर्फाने झाकलेल्या एका निर्मनुष्य बेटाला लागली, तेव्हा अवघे १६ जण जिवंत होते. खडकाला चिकटलेले शिंपले खाऊन आणि होडीचीच लाकडे जाळून त्यांनी दिवस काढले. पुढे हरवलेली गुरे शोधण्यास निघालेल्या एका मच्छीमाराला व त्याच्या मुलांना तो धूर दिसला. जे ११ जण वाचले त्यांना शेजारच्या वस्तीच्या बेटावर नेण्यात आले. ते बेट म्हणजे नॉर्वेच्या लोफोटेन द्वीपसमूहाच्या अगदी दक्षिण टोकाला असलेले रोस्ट.

या प्रवासाच्या दोन आठवणी उपलब्ध आहेत. एक खुद्द क्वेरिनी यांची. दुसरी त्यांचे सहप्रवासी क्रिस्तोफोरो फिओरावान्ते व निकोलो दे मिकिएले यांची. जिओव्हानी बात्तिस्ता रामुझियो यांनी प्रवासवृत्तांतांचा जो थोर संग्रह सिद्ध केला, त्याच्या १५५९ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या खंडात या दोन्ही आठवणी आल्या. लोफोटेनच्या सामान्य कोळी माणसाचे जीवन बाहेरच्या माणसाने इतक्या बारकाईने टिपल्याचे त्याआधीचे उदाहरण मिळणे कठीण. इतिहासाचे अभ्यासक या वृत्तांताकडे मत्स्यव्यवसायाचा दाखला म्हणून पाहतात. आम्हांला मात्र त्यातील एका लहानशा आकड्याने अधिक विचार करावयास लावले. त्याकडे आपण यथावकाश येऊ.

युरोपातील वास्तव्यात एकदा वसंत ऋतूमध्ये हा किनारा आगबोटीने पाहण्याचा योग आम्हांला आला. नॉर्वेचा पश्चिम किनारा म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाड्या आणि समुद्रात विखुरलेली असंख्य बेटे. येथे रस्ता बांधणे महाकठीण. म्हणून समुद्र हाच येथील राजमार्ग. तोही सोपा नव्हे. एकोणिसाव्या शतकात ट्रॉनहाइमहून टाकलेले पत्र हॅमरफेस्टला पोहोचण्यास उन्हाळ्यात तीन आठवडे, तर हिवाळ्यात पाच महिनेदेखील लागत. कप्तान रिचर्ड विथ आणि त्यांचे मार्गदर्शक अँडर्स होल्टे यांनी होकायंत्र, घड्याळ व वेग यांच्या नोंदी ठेवून काळोखातही बोट हाकारण्याची पद्धत बसवली आणि १८९३ च्या जुलैमध्ये ‘व्हेस्टेरोलेन’ ही बोट ट्रॉनहाइमहून नियमित फेरीवर निघाली. आज बर्गन ते किर्केनेस या मार्गावर वाटेतील ३४ बंदरे घेत अशा बोटी बाराही महिने धावतात. बंदरावर बोट लागली की पर्यटक छायाचित्रे काढतात. पण त्याच वेळी दुसऱ्या दाराने टपाल, भाजीपाला आणि यंत्रांचे सुटे भाग उतरत असतात.

रोस्टला जाण्यासाठी बोडो बंदरात ही बोट सोडून दुसरी धरावी लागते. उत्तर ध्रुववृत्त मागे पडलेले असते. मे महिन्यात रात्र अशी होतच नाही. मध्यरात्रीही आकाशात आपल्याकडील सांजवेळेसारखा उजेड असतो. रोस्टचे मुख्य बेट इतके सपाट आहे की समुद्रातून घरे वर आल्यासारखी दिसतात. त्याच्या नैर्ऋत्येस मात्र उंच, सरळ कड्यांची बेटे आहेत आणि त्या कड्यांवर समुद्रपक्ष्यांची दाट वस्ती असते. किनाऱ्याला उतरताच प्रथम भेटला तो वास. वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हा वास परका वाटत नाही. आपल्याकडे बांबू रोवून, आडव्या दोऱ्या बांधून त्यांवर बोंबील वाळत घालतात. तेथे लाकडी वाशांच्या उंच मांडवांवर कॉड नावाचा मोठा मासा वाळत असतो. दोन-दोन मासे शेपटाशी बांधून जोडीने टांगतात. मीठ मुळीच लावत नाहीत.

या सुकवणीमागे निसर्गाचा एक योग आहे. दर हिवाळ्यात उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रातून कॉडच्या प्रचंड झुंडी अंडी घालण्यासाठी लोफोटेनकडे येतात. जानेवारी ते एप्रिल हा मासेमारीचा हंगाम. इतक्या उत्तरेला असूनही, दक्षिणेकडून येणाऱ्या उबदार सागरी प्रवाहामुळे येथील हवा त्या महिन्यांत शून्य अंशाच्या आसपास रेंगाळते. थंडी याहून कडक असती तर मासा गोठून फुटला असता. ऊब अधिक असती तर सडला असता. वाऱ्यावर राहून त्यातील पाणी निघून जाते, वजन सुमारे एक पंचमांश उरते आणि लाकडासारखा कडक झालेला हा मासा वर्षानुवर्षे टिकतो.

क्वेरिनींनी हेच पाहिले. ते सांगतात की या लोकांजवळ नाणे नाही. सुका मासा हेच त्यांचे चलन. वर्षातून एकदा तो बर्गनला न्यायचा आणि त्याच्या बदल्यात कापड, चामडे, लोखंड व धान्य आणायचे. घरे लाकडी व गोल. छताच्या मध्यभागी उजेडासाठी एकच झरोका, आणि हिवाळ्यात त्यावर माशाची पातळ कातडी ताणून बसवलेली. सुका मासा कुऱ्हाडीच्या पाठीने ठेचून, लोण्यात कालवून खाण्याची रीतही त्यांनी नोंदली आहे. परके, अनोळखी पुरुष घरात ठेवताना यजमानांनी आपल्या बायका-मुलींविषयी तिळमात्र संशय बाळगला नाही, याचे त्या व्हेनिसकरांना फार आश्चर्य वाटले.

आता तो आकडा. क्वेरिनी लिहितात की बेटावर १२० माणसे होती आणि पास्काच्या सणाला त्यांपैकी ७२ जणांनी ख्रिस्तशरीराचा स्वीकार केला. १४३२ साली तो सण २० एप्रिल रोजी आला होता. म्हणजे क्वेरिनी व त्यांचे सोबती त्या मिस्सेला हजर असणार. उरलेल्या ४८ जणांत बहुधा वयात न आलेली मुले असावीत. धर्मग्रामाची वही सांभाळणाऱ्या आमच्यासारख्याला हा आकडा वाचताना विलक्षण आपुलकी वाटते. पिंपे मोजणारा, गलबतावरील माणसे मोजणारा हा व्यापारी येथे भाविकही मोजतो. आणि म्हणूनच हा आकडा विश्वासार्ह वाटतो. कारण स्तुती करताना माणसाचा हात सैल सुटतो, मोजताना सहसा नाही.

या १२० जणांच्या वस्तीत एक धर्मगुरू होते. ते डॉमिनिकन संघाचे, जर्मन देशातील. उत्तर जर्मनीतील हान्सा व्यापाऱ्यांनी इ. स. १३६० च्या सुमारास बर्गनमध्ये आपली कायमची पेढी उघडली होती. त्याच वाटेने ते या बेटावर आले असावेत, असा तर्क करता येतो. व्हेनिसकरांना नॉर्वेची भाषा येत नव्हती आणि कोळ्यांना इटालियन. धर्मगुरू व पाहुणे लॅटिनमध्ये बोलले, आणि मग कोळ्यांना पाहुण्यांची कहाणी कळली. सेमिनरीत लॅटिनची रूपे घोकताना या मृत भाषेचा उपयोग काय, असा प्रश्न आमच्या पिढीतील अनेकांनी केला असेल. ११ भुकेल्या माणसांच्या दृष्टीने ती भाषा मृत नव्हती.

येथे वाचकाने थोडे सावध राहावयास हवे. क्वेरिनींना हे बेट जवळजवळ स्वर्गासारखे भासले. परंतु ज्याने महिनाभर सोबत्यांची प्रेते समुद्रात सोडली, त्याला उबदार झोपडी स्वर्गच वाटणार. शिवाय आपल्या शहरातील ऐषारामाला कान पिचकी देण्यासाठी दूरच्या भोळ्या माणसांचे गुणगान करणे ही प्रवाशांची जुनी खोड आहे. रोस्टच्या लोकांत भांडणे नसतील, मत्सर नसेल, असे मानण्याचे कारण नाही. त्यांना देवदूत करण्याची गरजही नाही. पाहुण्यांना त्यांनी आपल्या घरात घेतले, त्यांना बोलता येईल असा माणूस त्यांच्यासमोर आणला आणि मे महिन्यात सुक्या माशांच्या खेपेबरोबर त्यांना दक्षिणेकडे रवाना केले. हिवाळ्याच्या अखेरीस ज्यांच्या घरात धान्य मोजकेच उरलेले असते, त्यांनी हे केले. एवढे पुरेसे आहे.

क्वेरिनी पुढे संत ओलाव यांच्या समाधिस्थानी, निदारोस म्हणजे आजच्या ट्रॉनहाइमला गेले. तेथून डोंगर ओलांडून स्वीडनमध्ये पोहोचले. तेथे जिओव्हानी फ्रान्को नावाच्या त्यांच्याच एका देशबांधवाने त्यांना आसरा दिला. पुढे इंग्लंडमार्गे ते मायदेशी परतले. रोस्टचा मासा इटलीत प्रथम त्यांनीच आणला, असे तिकडे अभिमानाने सांगतात. खरे तर व्यापार एका माणसाच्या बोचक्यातून सुरू होत नसतो. मध्ययुगात ख्रिस्ती युरोपात वर्षातील शंभराहून अधिक दिवस मांस वर्ज्य असे. उपवासकाळ आणि शुक्रवार यांसाठी टिकाऊ मासा हवा होता, आणि तो पुरवणारे हात या किनाऱ्यावर होते. आजही व्हिचेन्झा परिसराचे प्रसिद्ध पक्वान्न याच माशाचे असते. तिकडे त्याला ‘बाकाला’ म्हणतात. आपल्या गोव्यात पोर्तुगिजांमुळे परिचित झालेला ‘बाकल्याव’ मात्र खारवलेला असतो. रोस्टचा उत्तम माल इटलीला जातो, तर वाळवलेली डोकी नायजेरियात, तेथील रश्श्यासाठी.

मग दूर कोण होते? नकाशा व्हेनिसमध्ये बसून पाहिला तर रोस्ट जगाच्या टोकावर दिसते. पण रोस्टच्या कोळ्याला बर्गनचा भाव ठाऊक होता आणि त्याने पकडलेला मासा परमुलखातील उपवासाच्या ताटात पडत होता. ‘दुर्गम’ हा शब्द बहुधा पाहुण्याचा असतो. गावकऱ्याला गाव कधीच दुर्गम नसते.

१५३७ साली नॉर्वेत धर्मसुधारणा लागू झाली. निदारोसचे अखेरचे कॅथलिक आर्चबिशप ओलाव एंगेल्ब्रेक्टसन यांना देश सोडावा लागला. त्या ७२ जणांची नातवंडे-पतवंडे लुथरन झाली, तरी मासा वाळतच राहिला आणि कॅथलिक देशांच्या उपवासाला पुरतच राहिला. रोस्टच्या चर्चमध्ये आजही १५२० च्या सुमाराची, नेदरलँडमध्ये घडवलेली लाकडी कोरीव वेदीपेटी आहे. सम्राट पाचव्या चार्ल्सची बहीण आणि डेन्मार्क-नॉर्वेची राणी इसाबेला हिने ती भेट दिली, अशी परंपरा आहे. नव्या पंथाच्या कोळ्यांनी ती फोडली नाही, जाळली नाही, शतकानुशतके जपली.

ज्या बेटावर क्वेरिनी प्रथम उतरले, तेथे १९३२ साली, ५०० वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, स्मारक उभारण्यात आले. पाहुण्यांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत, कारण पाहुण्यांनी लिहिले. धूर पाहून होडी वळवणाऱ्या त्या बापलेकांचे नाव कोणी नोंदले नाही. आपल्या वसईविषयीही १६९५ साली येऊन गेलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने लिहिले आहे. त्याला रस्ता दाखवणारे, पाणी देणारे आपले पूर्वज काय म्हणाले असतील ते आपल्याला माहीत नाही. ज्यांना लिहिता येते त्यांच्याकडेच इतिहास राहतो. आता आपल्या धर्मग्रामांत घरोघरी लिहिते हात आहेत. आपल्या दाराशी आलेल्यांची, आणि आपण त्यांच्याशी कसे वागलो याची, नोंद पाहुण्यावर सोपवून ठेवण्याचे आता कारण उरलेले नाही.