इंडस क्रीड : एका रॉक बँडचा खंड आणि पुनरागमन (1984-2012)

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या संगीत इतिहासात अभिजात संगीत, नाट्यसंगीत आणि लोकसंगीताचा अभ्यास विपुल झाला. त्या मानाने महानगरात रुजलेल्या रॉक संगीताकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. प्रस्तुत निबंधात मुंबईच्या 'इंडस क्रीड' या बँडच्या वाटचालीतील खंड आणि पुनरागमन यांचा मागोवा घेतला आहे.

उदय व नामांतर :
हा बँड 1984 मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' या नावाने स्थापन झाला. पाश्चात्त्य गीतांची नक्कल हाच बहुतेक बँडचा रिवाज असताना त्याने स्वतःच्या इंग्रजी रचनांचे 'रॉक अँड रोल रेनिगेड' (1988) आणि 'द सेकंड कमिंग' (1990) हे अल्बम काढले. 1991 नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. जिथे रॉकची मैफल कधी पोहोचली नव्हती, अशा अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंतही केबलच्या तारेने हे संगीत पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली. 1993 मध्ये बँडने सिंधूचे स्मरण देणारे 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले. त्याच नावाचा अल्बम 1995 मध्ये आला.

खंडाची मीमांसा :
त्याच वर्षी अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया'ला मोठे यश लाभले. ध्वनिमुद्रण कंपन्या आणि वाहिन्या हिंदी पॉपकडे वळल्या. 1997 मध्ये बँड विसर्जित झाला. या विसर्जनामागे केवळ बाजारपेठच होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि इंग्रजी रॉकचा आधार त्या काळात क्षीण झाला, हे नाकारता येत नाही. पुढे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांभोवती शांतता क्षेत्रे निश्चित झाली. परिणामी, सेंट झेवियर्स महाविद्यालयाशेजारील रंगभवन हे रॉक मैफलींचे मुंबईतील प्रमुख खुले व्यासपीठही बंद पडले.

मात्र खंड म्हणजे शून्यता नव्हे. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा उपक्रम चालवला.

पुनरागमन :
2010 मध्ये बेनेगल, गिटारवादक महेश टिनाईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालपोरिया पुन्हा एकत्र आले. बास व ड्रम्सची जबाबदारी रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी या नव्या वादकांनी स्वीकारली. योगायोग असा की, पुण्यात 'एनएच7 वीकेंडर' महोत्सवाचा प्रारंभही त्याच वर्षी झाला. 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम प्रसिद्ध झाला. जुन्या लोकप्रिय गीतांवर विसंबून राहणे सोपे असतानाही बँडने नव्या रचना श्रोत्यांपुढे ठेवल्या, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
बँडचे थांबणे आणि परतणे हा केवळ कलावंतांच्या इच्छेचा प्रश्न नसतो. व्यासपीठ, प्रसारमाध्यम आणि श्रोतृवर्ग यांच्या उपलब्धतेशी तो निगडित असतो. वादक परततात, परंतु रंगभवनासारखी जागा एकदा गेली की तिच्याभोवती जमलेला श्रोतृसमाज विखुरतो. म्हणून सांस्कृतिक इतिहासात अल्बमइतकीच सभागृहांचीही नोंद होणे अगत्याचे आहे.