अकरा मीटरांवरचा निवाडा

बरोबरीत सुटलेल्या फुटबॉल सामन्याचा निकाल पेनल्टी शूटआउटने लावण्याची पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती खेळाच्या जन्मापासूनच असावी असे वाटते. वास्तविक तिचे वय साडेपाच दशकांच्या आसपास आहे. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने तिला २७ जून १९७० रोजी मान्यता दिली. ‘ही निव्वळ लॉटरी आहे’ हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. तो घेणाऱ्यांना आधीच्या व्यवस्थेचा विसर पडलेला असतो.

आधी खरोखरच लॉटरी होती. सामना पुन्हा खेळवणे शक्य नसेल तर नाणे उडवायचे किंवा चिठ्ठ्या टाकायच्या. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत नेपल्स येथे इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिला, तेव्हा दोन्ही कर्णधारांना आत नेऊन नाणेफेक करण्यात आली. फाक्केत्तीचा कौल खरा ठरला आणि इटली अंतिम फेरीत गेली. दोन तास धावलेल्या बावीस माणसांच्या श्रमाचे मोल एका नाण्याने ठरवले! पुढे तीच इटली विजेतीही झाली. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत बल्गेरियाविरुद्ध बरोबरी साधलेला इस्रायलचा संघ चिठ्ठीवर बाद झाला. बल्गेरियाने पुढे रौप्यपदक मिळवले.

या चिठ्ठीतूनच शूटआउटची कल्पना पुढे आली. योसेफ दागान आणि मिखाएल अल्मोग या इस्रायली गृहस्थांनी १९६९ मध्ये ती फिफापुढे मांडली. जर्मनीत मात्र तिचे श्रेय कार्ल वाल्ड या बव्हेरियन पंचाला देतात, कारण त्याने १९७० मध्ये आपल्या प्रांतिक संघटनेपुढे असाच प्रस्ताव ठेवला होता. कर्तृत्वाचे असे वाद आम्हा साहित्याच्या लोकांना नवे नाहीत. एकाच अन्यायाने दोन ठिकाणी एकच उपाय सुचवला असणे सहज शक्य आहे.

योगायोग असा की पेटर हांडके यांची ‘पेनल्टीच्या वेळची गोलरक्षकाची भीती’ अशा अर्थाच्या शीर्षकाची जर्मन कादंबरीही १९७० चीच. शूटआउटने मात्र हे शीर्षक उलटे केले. तेथे साधारणपणे चारपैकी तीन फटके गोलात जातात. त्यामुळे गोलरक्षकाकडून कोणाची अपेक्षा नसते. अडवला तर तो नायक. फटका मारणाऱ्याला मात्र गोल केल्याचे फारसे श्रेय नाही आणि चुकला तर क्षमा नाही. भीती गोलरेषेवरून अकरा मीटर पुढे सरकली, ती अशी. त्या भीतीची थट्टा करण्याचे धाडस १९७६ मध्ये बेलग्रेडच्या अंतिम सामन्यात पानेन्काने केले. सेप मायर एका बाजूला झेपावला आणि पानेन्काने चेंडू अलगद मधोमध उचलून दिला. चेकोस्लोव्हाकिया विजेता ठरला आणि त्या फटक्याला त्याचे नावच पडले.

आमच्या मते या पद्धतीतील खरा प्रश्न दैवाचा नसून कथनाचा आहे. १९९४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या. बाज्जोने चेंडू आडव्या खांबावरून मारला आणि इटली हरली, एवढेच लोकांना आठवते. त्याच्या आधी बारेसी आणि मास्सारो हेही चुकले होते. बाज्जोने गोल केला असता तरी ब्राझीलचा एक फटका शिल्लक होता. ज्याने बाद फेरीत पाच गोल करून संघाला तिथवर आणले, तोच पराभवाचा चेहरा झाला. शोकात्मिकेला एकच नायक लागतो, ही आपली जुनी सवय येथेही आड येते. नियमपुस्तक याबाबत प्रेक्षकांहून शहाणे आहे. त्याच्या लेखी शूटआउट हा सामन्याचा भागच नव्हे, केवळ विजेता ठरवण्याची रीत. अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातील २०२२ चा अंतिम सामना दफ्तरी ३-३ असा बरोबरीतच आहे.

पण दफ्तर कोण वाचतो? ११ जुलै २०२१ रोजी वेम्ब्लीवर युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना इंग्लंडने इटलीविरुद्ध शूटआउटमध्ये गमावला. रॅशफर्ड, सांचो आणि साका हे तिघे चुकले. तिघेही कृष्णवर्णीय, साका अवघ्या १९ वर्षांचा. त्या रात्री समाजमाध्यमांवर त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. ‘आपण हरलो’ या वाक्यातील ‘आपण’मधून तिघांना वगळायला काही मिनिटे पुरली. फटक्यांसाठी त्यांची निवड करणारे प्रशिक्षक साउथगेट स्वतः १९९६ च्या युरोपीय स्पर्धेत जर्मनीविरुद्ध असेच चुकले होते. निवड आपली होती, जबाबदारीही आपलीच, असे त्यांनी सामन्यानंतर स्पष्ट सांगितले.

६ जुलै २०२४ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे स्वित्झर्लंडविरुद्ध इंग्लंडवर पुन्हा शूटआउटची पाळी आली. साका पुन्हा त्या ठिपक्यापाशी गेला. त्या दिवशी इंग्लंडचे पाचही फटके गोलात गेले. त्यांत एक त्याचा होता.