प्रोग्रॅम-घटकांच्या दस्तऐवजीकरणाची वाटचाल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांच्या आणि प्रोग्रॅमिंग भाषांच्या अंगाने झालेले आहे. प्रोग्रॅमविषयी माणसांनी माणसांसाठी लिहून ठेवलेल्या माहितीचा विचार त्या मानाने कमी झाला. प्रोग्रॅम यंत्रासाठी लिहिला जातो, हे विधान अर्धेच खरे आहे. उपयुक्त ठरलेला प्रोग्रॅम वर्षानुवर्षे वापरात राहतो आणि त्यात बदल करण्याची जबाबदारी मूळ लेखकाला कधीही न भेटलेल्या व्यक्तीवर येते. तिच्या हाती दोनच गोष्टी असतात : प्रत्यक्ष प्रोग्रॅम आणि त्याचे दस्तऐवजीकरण. हे दस्तऐवजीकरण प्रोग्रॅमपासून किती अंतरावर ठेवले गेले आणि ते अंतर कमी होत असताना त्यातून काय निसटले, या दोन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

कपाटातील माहिती

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये कार्यान्वित झाला. त्यासाठी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी सबरूटीनांचा एक संग्रह उभारला. एकदा लिहिलेला तुकडा इतरांनी पुन्हा वापरावा, ही कल्पना त्यामागे होती. सबरूटीन कागदी फितीवर छिद्रांच्या रूपात असे. ती कशी वापरावी याचे वर्णन वेगळे लिहिलेले असे. १९५१ मध्ये या तिघांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा वर्णनांना मोठी जागा दिलेली आढळते. १९५२ मध्ये व्हीलर यांनी सबरूटीनांवर एक छोटा निबंध सादर केला. सबरूटीन तयार करून तपासल्यानंतरही, तिची अंतर्गत रचना ठाऊक नसलेल्या माणसाला ती वापरता येईल असे वर्णन लिहिण्याचे काम उरतेच आणि कदाचित तेच सर्वांत अवघड असते, असा त्यांचा अभिप्राय होता. या क्षेत्राच्या अगदी आरंभी हे निदान झालेले होते, ही बाब लक्षणीय आहे.

पुढे प्रोग्रॅम वाढले आणि त्यांची कागदपत्रे त्याहून वेगाने वाढली. आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या कार्यप्रणालीच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिचे बोलके वर्णन केले आहे. प्रकल्पाची कार्यपुस्तिका प्रत्येक प्रोग्रॅमरकडे असावी, असे ठरले होते. काही महिन्यांतच ती सुमारे पाच फूट जाडीची झाली. रोज येणाऱ्या बदलांची पाने सरासरी दीडशेच्या घरात असत आणि ती हाताने योग्य जागी लावावी लागत. अखेर मायक्रोफिशचा आधार घ्यावा लागला. या अनुभवातून ब्रुक्स यांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे : प्रोग्रॅम एका जागी आणि त्याचे वर्णन दुसऱ्या जागी ठेवले, तर दोहोंत मेळ राहत नाही, म्हणून वर्णन प्रोग्रॅमच्या मजकुरातच असावे.

प्रोग्रॅमच स्वतःचे स्पष्टीकरण देईल, अशी आशाही याआधी बाळगली गेली होती. १९५९ मध्ये आखणीस आरंभ झालेल्या कोबोल भाषेची इंग्रजी वाक्यांसारखी रचना त्याच आशेतून आली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन अंकी वर्षांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मुंबई-पुण्यासह भारतातील अनेक कंपन्यांमधील तरुणांना परदेशी संस्थांचे दशकांपूर्वीचे कोबोल प्रोग्रॅम वाचावे लागले. वाक्ये वाचता येत होती. एखादी तारीख नेमकी तशीच का साठवली आहे, हे मात्र त्या वाक्यांत असेलच याची शाश्वती नव्हती.

पडद्यावरील माहिती

माहिती पडद्यावर आणण्याचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तयार केलेल्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिच्या प्रत्येक पृष्ठाचा साचा ठरलेला होता : नाव, वापराची रीत, वर्णन, आणि ज्ञात दोषांसाठी एक स्वतंत्र भाग. आपल्या वस्तूतील दोष मार्गदर्शिकेतच नोंदवण्याचा हा प्रांजळपणा पुढील काळातील व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच दिसतो. ही पृष्ठे लवकरच एका आज्ञेने पडद्यावर पाहता येऊ लागली.

१९७६ मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत आकाराला आलेल्या ईमॅक्स या संपादकाने आणखी एक पाऊल टाकले. वापरकर्ता चालू प्रोग्रॅमलाच एखाद्या आज्ञेविषयी विचारू शकत असे. आज्ञेचे वर्णन तिला जोडलेले असे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८१ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्याला स्वतःचे दस्तऐवजीकरण करणारा संपादक म्हटले. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील स्मॉलटॉक-८० मध्ये प्रत्येक क्लासला टिप्पणी जोडण्याची सोय होती आणि क्लास ज्या ब्राउझरमध्ये लिहावयाचा, तेथेच ती टिप्पणी वाचता येत असे. डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये मांडलेली कल्पना सर्वांत धाडसी होती. प्रोग्रॅम हा माणसाला समजावून सांगणारा निबंध असावा आणि यंत्रासाठीचा भाग त्यातून वेगळा काढावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी टेक् हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम याच पद्धतीने लिहिला आणि १९८६ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांचे अनुकरण मात्र मर्यादित राहिले. निबंध लिहिण्याची सवड व आवड असलेले प्रोग्रॅमर थोडेच असतात.

प्रचलित झाली ती अधिक साधी रीत. १९९६ मध्ये आलेल्या जावा भाषेबरोबर जावाडॉक हे साधन मिळाले. घटकाच्या वर विशिष्ट खुणांसह टिप्पणी लिहावी, साधनाने त्यावरून वाचनीय पृष्ठे तयार करावीत, असे तिचे स्वरूप होते. कोणती मूल्ये द्यावयाची, कोणते मूल्य परत मिळते, लेखक कोण, यांसाठी ठरावीक खुणा होत्या. अमुक निर्णय का घेतला, यासाठी प्रमाणित खूण नव्हती.

व्यावसायिक जगातील एक वेगळे उदाहरण जर्मनीतील एसएपी या कंपनीच्या एबॅप विकसन-व्यवस्थेत दिसते. येथे घटकाचे दस्तऐवजीकरण प्रोग्रॅमच्या मजकुरात न ठेवता डेटाबेसमध्ये त्या घटकाशी जोडून साठवले गेले. फंक्शन मॉड्यूल तयार करणाऱ्यास कार्य, उदाहरण, सूचना अशी शीर्षके असलेला कोरा साचा मिळे. मजकूर मूळ भाषेतून अन्य भाषांत अनुवादित करण्याची व्यवस्थाही त्यातच होती. डेटा एलिमेंट या घटकासाठी लिहिलेले वर्णन तर थेट कार्यालयातील कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचे. पडद्यावरील रकान्यात असताना त्याने एफ-१ ही कळ दाबली की तेच वर्णन समोर येई. प्रोग्रॅमरचे टिपण आणि वापरकर्त्याची मार्गदर्शिका यांतील भिंत येथे पडली, असे म्हणता येईल. त्याच व्यवस्थेत वापरकर्त्यास दाखवावयाच्या प्रत्येक संदेशापुढे ‘स्वयंस्पष्ट’ अशी एक चौकट असे. तिच्यात खूण केली की विस्तृत स्पष्टीकरण लिहिण्याची गरज उरत नसे. संदेश स्वयंस्पष्ट आहे की नाही हे ठरवणारा प्रोग्रॅमरच असल्याने, ज्याला तो समजणार नाही त्याचे मत विचारात येण्याचा संभव नव्हता.

एरियान ५ आणि निर्णयाचे कारण

दस्तऐवजीकरण असूनही ते प्रोग्रॅमपासून दूर राहिल्यास काय घडते, याचे सर्वांत महागडे उदाहरण ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथे घडले. एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांनी, ३,७०० मीटर उंचीच्या आसपास मार्गभ्रष्ट होऊन नष्ट झाले. त्यावरील चार क्लस्टर उपग्रहही गेले. गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १९ जुलै १९९६ रोजी अहवाल दिला. रॉकेटची दिशा व गती मोजणाऱ्या यंत्रणेतील प्रोग्रॅम एरियान ४ वरून घेतलेला होता. त्यात आडव्या गतीशी निगडित एक ६४ बिटांचे मूल्य १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतरित करताना मावले नाही. परिणामी मुख्य आणि राखीव अशा दोन्ही यंत्रणा बंद पडल्या.

अहवालातील पुढचा तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. असे रूपांतर होणारी सात मूल्ये होती. त्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते, तीन तशीच सोडली होती. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवावयाचा असल्याने हा निर्णय विचारपूर्वक आणि भागीदारांच्या संमतीने घेतला गेला होता. एरियान ४ च्या उड्डाणमार्गाचा विचार करता तो चुकीचा नव्हता. परंतु त्याच्या समर्थनाचा उल्लेख प्रत्यक्ष प्रोग्रॅमच्या मजकुरात मंडळाला आढळला नाही. कागदपत्रांच्या प्रचंड पसाऱ्यात तो, कोणाचाही तसा हेतू नसताना, बाहेरच्या परीक्षकांच्या नजरेआड राहिला. एरियान ५ ची आडवी गती आरंभीच्या काळात कितीतरी अधिक होती. प्रोग्रॅम वाचणाऱ्यास संरक्षणाचा अभाव दिसू शकत होता. ते कोणत्या गृहीतकावर सोडले होते, हे दिसत नव्हते. शिवाय त्या यंत्रणेचा हा भाग एरियान ५ च्या उड्डाणानंतर उपयोगाचाच नव्हता; जुन्या रॉकेटची गरज म्हणून तो चालू राहिला होता.

निर्णयांचे समर्थन करणाऱ्या कागदपत्रांकडे प्रोग्रॅमइतकेच लक्ष द्यावे आणि दोहोंत सुसंगती राखण्याची पद्धत सुधारावी, अशी शिफारस मंडळाने केली. नंतरच्या साधनांनी तिचा काही अंश साधला. १९९७ मध्ये डॉक्सिजन आले. २००१ मध्ये पायथन भाषेला जोडलेल्या डॉकटेस्ट या साधनाने टिप्पणीतील उदाहरणे प्रत्यक्ष चालवून ती खरी आहेत की नाहीत हे तपासण्याची सोय केली. वर्णन आणि वर्तन यांतील तफावत यंत्राने पकडावी, ही ब्रुक्स यांच्या काळात अवघड असलेली गोष्ट त्यामुळे निदान उदाहरणांपुरती शक्य झाली. एबॅपमध्येही पुढे, एक्लिप्समधील नव्या साधनांबरोबर, टिप्पणी पुन्हा प्रोग्रॅमच्या मजकुरात घटकाच्या वर लिहिण्याची पद्धत आली. तीन मूल्ये संरक्षणाविना का सोडली, यासारखा मजकूर लिहिण्यासाठी या साधनांनी जागा प्रोग्रॅमजवळ आणून दिली. तो लिहिला गेला आहे की नाही, हे डॉकटेस्टला तपासता येत नव्हते.