घामाचा हिशेब: दुष्काळी शिध्यापासून मनगटी घड्याळापर्यंत

जुन्या जालन्यात सकाळी फिरायला निघालेल्या माणसाच्या मनगटावर आज खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा दिसतो. वजन उतरवायला निघालेले अनेक जण त्या आकड्यावर दिवसाचे जेवण ठरवतात. महाराष्ट्रात कष्ट आणि अन्न यांचा हिशेब मांडायला सुरुवात झाली ती मात्र वेगळ्या गरजेतून. वजन कमी करणे हा त्या वेळी प्रश्नच नव्हता. उपाशी माणसाकडून काम करून घेताना त्याला किती धान्य द्यायचे, हा प्रश्न होता.

त्याआधीही मेहनत मोजली जात होती, पण संख्येने. जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). त्यांच्या परंपरेतील बलोपासनेत सूर्यनमस्कारांची गणती होती, तालमीत जोर आणि बैठकांची. खुराक किती, हे वस्ताद पोराचे अंग आणि दम पाहून ठरवत असे. बडोद्याहून १९३६ पासून निघालेल्या द. चिं. मुजुमदारांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’ने हे ज्ञान खंडाखंडांत नोंदवले. या मोजणीत उष्णतेचा हिशेब नव्हता, तरी तिच्यात एक मोठे शहाणपण होते: आजच्या मेहनतीची तुलना त्याच माणसाच्या कालच्या मेहनतीशी होई.

सरकारी हिशेब सुरू झाला तो १८७६ ते ७८ च्या दुष्काळात. जुना जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारच्या मुंबई इलाख्यात इंग्रजांनी खडी फोडणे, तलाव खोदणे अशी कामे काढली होती. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉयच्या सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी काटकसरीसाठी मुंबई आणि मद्रास इलाख्यांत पुरुष मजुराची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य, आजच्या हिशेबाने साधारण १५०० ते १६०० कॅलरी. एवढ्यात निवांत बसलेला माणूस जेमतेम तग धरतो. दिवसभर माती वाहणारा झिजत जातो. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. श्रमाचा खर्च कमी धरला की माणसे मरतात, हे तेव्हा दिसले.

खर्च मोजण्याची शास्त्रीय रीत तेव्हा युरोपात आकार घेत होती. शरीरातील ज्वलन आणि श्वासोच्छ्वास यांचा संबंध लाव्हाझिए यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच दाखवला होता. अमेरिकेत अॅटवॉटर यांनी १८९० च्या दशकात माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. एक लिटर प्राणवायू वापरला गेला की सुमारे ५ कॅलरी खर्च होतात, हा पुढच्या सगळ्या मापनाचा आधार ठरला. महाराष्ट्रात हे तंत्र लवकर वापरले ते लोणावळ्याच्या कैवल्यधामात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेल्या या संस्थेत प्राणायामातील वायूंचे पृथक्करण झाले. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू मिळतो, हा रूढ समज त्या प्रयोगांत टिकला नाही. आपल्याच परंपरेला प्रयोगशाळेत तपासायला घेण्याचे हे धैर्य मोलाचे आहे.

१९७२ च्या दुष्काळात हा प्रश्न जालन्याच्या दारात आला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. मराठवाड्यातील घरेच्या घरे खडीवर, नालाबांधावर आणि पाझर तलावांवर गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. मिलो (आयात केलेली ज्वारी) आणि सुकडी (कामावर वाटलेला पौष्टिक खाऊ) हे शब्द त्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यातले दर असे बांधले की सर्वसाधारण मजुराने सात तास नेटाने काम केल्यास किमान वेतन पडावे. मोजली जाई ती खोदलेली माती, खोदणाऱ्याची झीज नव्हे. चाळीस किलोची बाई आणि साठ किलोचा गडी यांना त्याच खड्ड्याचे दाम सारखेच मिळे.

याच काळात पुण्यात कॅलरी हे गरिबीचे माप झाले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली माणशी रोज २२५० कॅलरींवर दारिद्र्यरेषा बेतली. १९७९ साली नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या; खेड्यात कष्ट जास्त, हे त्यामागचे मुख्य कारण.

या सरासरीवर नेमका प्रश्न उभा केला तो सातारा जिल्ह्यातील बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभाग सांभाळून ते पुण्याला परतले होते. सैनिकांच्या रोजच्या आहाराच्या आणि ऊर्जाखर्चाच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले की एकाच माणसाचे आकडेही दिवसागणिक बरेच वरखाली होतात आणि एका दिवसाचा ताळेबंद सहसा जुळत नाही. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, हा त्यांचा पुढचा निष्कर्ष वादग्रस्त ठरला. भुकेल्यांची संख्या त्यामुळे कागदावर घटते, अशी टीका झाली; दांडेकरांनीही विरोध केला. तो विरोध रास्त होता. मात्र एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये, ही सुखात्म्यांची शिकवण वजन कमी करणाऱ्यालाही तंतोतंत लागू पडते.

मनगटी यंत्राचे गणित साधे आहे. स्वस्थ बसलेला माणूस तासाला दर किलोमागे अंदाजे १ कॅलरी खर्च करतो. मध्यम वेगाने चालण्याला याच्या साडेतीन पट धरतात. ७० किलोच्या माणसाचा तासाभराचा आकडा त्यामुळे २४५ येतो. पण बसून राहिला असता तरी ७० खर्च झाल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई १७५, म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीएवढी. स्वस्थ बसण्याचा हा मूळचा दरही अनेकांच्या बाबतीत जास्तच ठरतो. भारतीयांसाठी तो सुमारे ५ टक्के कमी धरण्याची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात मनगटी यंत्रे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर सांगितले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. शिवाय व्यायामानंतर शरीर इतरत्र काटकसर करते, असे हर्मन पॉन्टझर यांचे संशोधन सुचवते: टांझानियातील शिकारी हाडझा लोकांचा दिवसाचा एकूण खर्च, शरीराचे आकारमान लक्षात घेता, शहरी लोकांएवढाच निघाला (२०१२).

म्हणून यंत्रावरचा आकडा पाहून जादा भाकरी घेऊ नये. आठवड्यातून काही वेळा, त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन करून त्याची सरासरी काढावी. तीन-चार आठवड्यांत सरासरी उतरली नाही, तर खाण्याचा अंदाज कमी आणि व्यायामाचा जास्त धरला गेला आहे असे समजून ताटातले थोडे कमी करावे.