दिवसा शिक्षिका, रात्री विद्यार्थिनी

घरची कामे, वर्गातील सराव-पाठ आणि स्वतःचा अभ्यास या तिहेरी ओढीने बेंबळीची जी कोणी उमेदवार शिक्षिका थकली असेल, तिने अनुताई वाघ यांचे चरित्र अवश्य पाहावे.

अनुताईंचा जन्म १९१० साली मोरगावी झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य! तरीही १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झाल्या व १९२९ साली पुण्यास त्यांचे अध्यापनाचे शिक्षण पुरे झाले. नाशिक जिल्ह्यात काही वर्षे नोकरी करून १९३३ पासून त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागल्या. खरी कसोटी येथेच लागली. दिवसा वर्ग घ्यावयाचा आणि रात्रीच्या शाळेत स्वतः बाकावर बसावयाचे, असे करीत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पदवी मात्र १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी मिळाली. मधली चोवीस वर्षे वाया गेली, असे मात्र कोणी समजू नये.

१९४५ साली ताराबाई मोडक यांच्यासह त्या बोर्डीस गेल्या व १९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुले शाळेत येत ना, कारण कोणास गुरे राखावयाची, कोणास धाकटे भावंड सांभाळावयाचे. कामाच्या ओढीत शिकणे म्हणजे काय हे ज्या बाईंनी स्वतः भोगले होते, त्या मुलांवर रागावल्या नाहीत, हे मला स्वाभाविक वाटते. धाकट्यांसाठी शाळेच्याच आवारात पाळणाघर व बालवाडी निघाली. आणि गुराख्यांची शाळा भरली ती कुरणात, गुरांच्या शेजारी.