शिबपूरचा वड आणि त्याचे जिवंत धिरे

फळांनी लगडलेल्या आंब्याच्या फांदीखाली दुबेळके उभे करणे किंवा केळीच्या घडाला बांबूचा टेकू देणे, हे आपल्याकडील शेतकऱ्यास नवीन नाही. परंतु हा आधार मृत लाकडाचा असतो. तो कुजतो, त्यास वाळवी लागते आणि काही काळाने तो बदलावा लागतो. झाडाकडूनच जिवंत आधार निर्माण करवून घेण्याचा एक मोठा उद्योग आपल्या देशात पावणेदोनशे वर्षांपूर्वी झाला. त्याची हकिगत फारशी कोणास ठाऊक नसते.

कोलकात्यानजीक हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावड्यातील शिबपूर येथे कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने १७८७ साली ईस्ट इंडिया कंपनीचे वनस्पती उद्यान स्थापन झाले. आज ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील महावटवृक्ष उद्यानाहूनही जुना. १७८२ च्या सुमारास त्या जागी एक खजुरीचे झाड होते, त्याच्या शेंड्यातून हा वड फुटला आणि खाली एक फकीर बसत असे, असे त्या काळच्या लोकांनी सांगितल्याची नोंद इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनी आपल्या १८५४ च्या प्रवासग्रंथात केली आहे.

याच ग्रंथात आपल्या विषयाचे मर्म सापडते. डॉ. ह्यू फाल्कनर १८४८ मध्ये उद्यानाचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा या प्रचंड वृक्षास जमिनीपर्यंत पोहोचलेल्या अवघ्या ८९ पारंब्या होत्या. पूर्वीचे प्रमुख डॉ. वॉलिक यांच्या गैरहजेरीत झाडाची हेळसांड झाली होती. (कर्ता माणूस दूर गेला की पेढीचे जे होते, तेच बागेचे!) फाल्कनर यांनी फांद्यांवर ओली माती व शेवाळ बांधविले आणि त्याखाली पाण्याची लहान मडकी टांगविली. त्यातून पारंबी फुटून थोडी वाढली की तिला बांबूच्या नळीत घालून हळूहळू भूमीपर्यंत उतरविले जाई. काही वर्षांतच पारंब्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली.

हुकर यांचे निरीक्षण मोठे सूक्ष्म आहे. जमिनीस पोहोचण्यापूर्वी पारंबी चाबकाच्या दोरीएवढीच बारीक असते. मूळ धरल्यावरही काही महिने ती सैल लोंबते. मग ती जाड होत जाते आणि मागावर चढविलेल्या ताण्याप्रमाणे घट्ट ताणली जाते. तिच्याकडून पोषण मिळाल्याने फांदी तिच्या पलीकडे अधिक जाड होऊन पुढे सरकते. लाकडी टेकू केवळ भार पेलतो. पारंबी भार पेलते आणि अन्नपाणीही पुरविते. या दोहोंतील अंतर व्यापारी माणसास तरी निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या कामाची कसोटी पुढे लागली. १८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांत वडाच्या मोठ्या फांद्या मोडल्या. त्या जखमांतून बुरशी शिरली आणि मूळ खोड आतून कुजत गेले. त्याचा घेर १५ मीटरहून अधिक होता. रोग इतरत्र पसरू नये म्हणून अखेर १९२५ साली ते संपूर्ण कापून काढण्यात आले. मांडवाचा मधला खांब काढला तर मांडव खाली यावयाचा. येथे मात्र वृक्ष जागच्या जागी राहिला, कारण तोवर त्याचा सर्व संसार पारंब्यांवर गेलेला होता. आज सुमारे पावणेपाच एकरांवर पसरलेल्या या झाडास साडेतीन हजारांहून अधिक पारंब्यांचे खांब आहेत आणि मूळ खोड मुळीच नाही.

२० मे २०२० च्या अम्फान वादळाने उद्यानातील असंख्य झाडे पाडली. या वडाच्याही काही पारंब्या उन्मळल्या, पण उरलेला विस्तार उभा राहिला. कोवळ्या पारंब्यांना बांबूच्या आधाराने जमिनीपर्यंत नेण्याचे काम अलीकडच्या काळातही तेथील कर्मचारी करीत आले आहेत.