दाताचं इंजेक्शन शिरेत कसं पोहोचलं?

अम्मीला पाठीपासून बरगडीपर्यंत नागीण उठली होती. फोड सुकले, पण आग राहिली. ओढणी अंगाला लागली तरी ती कळवळायची. वेदनातज्ज्ञ डॉक्टर म्हणाले, "लिग्नोकेनचं सलाइन लावून पाहू." मी दचकलो. दात काढताना हिरडीत टोचतात ते औषध थेट शिरेत? त्या रात्री मी त्याचा इतिहास वाचत बसलो.

१८८४ मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. पण कोकेनचं व्यसन लागे, माणसं दगावतही. म्हणून पर्यायाचा शोध सुरू झाला आणि जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी प्रोकेन तयार केलं. १९०८ मध्ये बर्लिनचे सर्जन ऑगस्ट बिअर यांनी तेच शिरेत दिलं, पण हाताला वर आणि खाली घट्ट पट्टे बांधून. औषध मधल्या भागातच अडून राही आणि तेवढा भाग बधिर होई.

१९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन बनवलं. त्याच काळात काही डॉक्टर भाजलेल्या रुग्णांना पट्टा न बांधताच प्रोकेनचं सलाइन देऊ लागले होते. १९६१ मध्ये बार्टलेट आणि हुतासेरानी यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर शिरेतून लिग्नोकेन देण्याचा अनुभव प्रसिद्ध केला.

रक्तातल्या थोड्याशा लिग्नोकेनने अंग बधिर होत नाही. नसांमधून संदेश सोडियमच्या सूक्ष्म दारांतून पुढे जातो आणि हे औषध ती दारं अडवतं. दुखावलेली नस कारण नसताना संदेश धाडत असते, ती आधी शांत होते. मात्र मात्रा वाढली की ओठांना मुंग्या येतात, कानात आवाज येतो, तोंडाला धातूची चव येते. पुढे झटके येऊ शकतात, हृदयही थांबू शकतं. म्हणूनच ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या सलाइनसाठी मर्यादा सांगितली: दर किलो वजनामागे तासाला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

सकाळी मी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले: अम्मीचं वजन करणार ना? मॉनिटर लावणार ना? त्यांनी बसवून घेतलं आणि सगळं समजावलं. गुण येईलच असं नाही, हेही सांगितलं.

सलाइन हळूहळू उतरत होतं. नर्स येऊन विचारायची, "कानात आवाज येतोय का?" पूर्वी पट्टा औषधाला हातात अडवून ठेवी. आता ते अंगभर फिरतं, म्हणून माणसाने जागं राहायचं असतं. मॉनिटर आणि लक्ष देणारं माणूस नसेल, तर हे सलाइन कुठेही लावून घेऊ नये.

त्या रात्री अम्मीने ओढणी नीट अंगावर घेतली. आग गेली नव्हती, पण मंदावली होती. कितीतरी दिवसांनी ती फजरपर्यंत झोपली.